ओल्या अंगावरचा भोवरा

शके १८६०, कार्तिक वद्य ४

पाखऱ्या, आमचा घोडा, आज हैदराबादला शर्यतीला गेला. वसमत स्टेशनापर्यंत पायी, पुढे रेल्वेच्या डब्यातून. सोबत त्याचा खरारा करणारा रामजी मोतद्दार. बापू उद्या जाईल.

निघायच्या वेळी मला माजघरात बसवलं. शर्यतीला निघालेल्या जनावरासमोर विधवेनं येऊ नये. बापू माझा धाकटा भाऊ, हैदराबादच्या कॉलेजात शिकलेला, आता घरचा कारभारी. मी त्याला कडेवर घेऊन हिंडवलेला. तोही दाराशी येऊन खालमानेनं म्हणतो, "अक्का, घडीभर आत बस. लोकं बोलत्यात." मी म्हटलं, "घडीभर काहून? पंधरा वर्सं झाली, आतच हाये की." त्याला हसू आलं नाही.

टापा ऐकत बसले. अंगणातल्या फरशीवर टणक, वेशीच्या उतारावर मऊ, मग काहीच नाही. बापूच्या बायकोनं, इंदिरेनं, ओवाळलं. रोज सकाळी माझ्या हातून गुळाचा खडा खाणारा घोडा आज तसाच गेला. दाराच्या फटीतून शेपटी तेवढी दिसली.

पाखऱ्या लिहायला लांब. इथून पुढे नुसतं पा.

कार्तिक वद्य ७

डोक्यात तेच तेच फिरतं. एकदा नीट लिहून काढते. घरात बापूशिवाय वाचता येतं कुणाला, आणि त्याला बायकांच्या वहीत काय रस.

पा. झाला तो माघातला दिवस. पावणेचार वर्षं होतील. आप्पा, आमचे वडील, तापानं अंथरुणात. बापू हैद.ला. घोडी विलायती रक्ताची, पाय अधू झाला म्हणून मैदानावरून काढलेली, आप्पांनी हौसेनं आणलेली. दुपारी अडली. शिंगरू उफराटं आलं, मागचे पाय आधी. रामजीनं ओढून काढलं. आप्पा आतून ओरडले, "पोरी, जा, बघून ये. भोवरा कुठं हाय, तोंड कुणीकडं, सांग मला."

घोड्याच्या अंगावरच्या केसांचे भोवरे मला आप्पांनीच शिकवले. त्यांची त्यावर हातानं लिहिलेली वही आहे, लाल कापडातली. कोणता भोवरा मालकाला राज्य देतो, कोणता तिरडी. पायावरचे दोन सगळ्यात जालीम. तोंड खाली तो खुंटेगाड, मालकाच्या घराचा खुंटा जमिनीत घट्ट रोवणारा. तोंड वर तो खुंटेउपाड, तोच खुंटा उपटून टाकणारा. मी बारा वर्षांची होते तेव्हा आप्पांनी एक आवडती घोडी ह्याच खुंटेउपाडापायी गोळी घालून मारली. दोन दिवस जेवले नाहीत, पण मारली.

मी पाहिलं. मागच्या उजव्या पायाला, आतल्या अंगाला. घोडी चाटत होती, शिंगरू उभं राहायला धडपडत होतं, पडत होतं, पुन्हा धडपडत होतं. भोवऱ्याचं तोंड वर.

आत गेले आणि म्हटलं, "खाली हाय, आप्पा. खुंटेगाड."

आप्पा हसले. म्हणाले, "मंग हे घर हालत न्हाई."

तिसऱ्या दिवशी मी त्याचा पाय लचकलाय म्हणून रामजीला शिंगरू धरायला लावलं आणि विळा तापवून तिथं डाग दिला. आता तिथं नुसतं टक्कल आहे, केस नाही, भोवरा नाही. नवव्या दिवशी आप्पा गेले.

खोटं का बोलले? पुसेगावला सासरी पाच महिन्यांत नवरा गेला. सासू म्हणाली, हिच्या पाठीवर खूण आहे, हिनंच खाल्ला. मला गाडीत घालून परत पाठवलं. तेव्हा हेच आप्पा दारात उभे राहून गावाला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "भोवरे जनावराला असतात, माणसाला न्हाई." त्या एका वाक्यावर मी इथं जेवते. पण त्या दिवशी पागेत वाटलं, जनावराला तरी का असावेत?

लिहून झालं. सुटलं काही नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ७

बापूचं पत्र. पा. पहिलीच शर्यत जिंकला! सुटताना मागे राहिला, लोक हसले, म्हणाले हळदीच्या मुलखातलं घोडं हळदीसारखंच जमिनीत रुतलंय. शेवटच्या वळणावर सात घोडे मागे टाकले. ट्रेनर साहेबानं बापूला मिठी मारली म्हणे.

आमच्या कुरुंद्यात घरोघर साखर वाटली. मी वाटली नाही, इंदिरेनं वाटली. मी आपली कोठीत पोतं उघडून भरून दिली. माझा आहे तो.

मार्गशीर्ष शुद्ध ८

जोडीतला मोठा बैल, पवळ्या, विहिरीच्या काठाचा दगड निसटून आत पडला. वर काढेपर्यंत गेला. आप्पांनी वासरू असताना आणलेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. दगड दोन वर्षांपासून हलत होता, मीच बापूला चारदा सांगितलं होतं. कावळा बसला, एवढंच.

पौष शुद्ध ३

दुसरी शर्यतही जिंकला. ह्या वेळी पहिल्यापासून पुढे. बापू लिहितो, आता लोक त्याला नावानं ओळखतात, पागेत बघायला येतात. "अक्का, पुढच्या साली मोठा कप. घोडामैदान जवळच आहे." फुशारकी कुठली!

पत्र हातात घेऊन दिवसभर बसले होते. आनंदाच्या आधी भीती आली. कशाची ते लिहीत नाही.

पौष शुद्ध ६

इंदिरेचं पोट पडलं. पाचवा महिना. पायरीवरून घसरली, एवढं निमित्त. तिच्याजवळ तीन दिवस बसून आहे. पोरगी रडत नाही, भिंतीकडे बघत राहते. मला म्हणाली, "अक्का, तुमाला न्हाई झालं लेकरू, त्याचं दुख मला आत्ता समजलं." तिचं सांत्वन कसं करू, माझ्या तोंडात दुसराच शब्द अडकला आहे.

माघ वद्य १०

पा. आला. हंगाम संपला. छाती भरलीय, मान उंच. मागच्या दारानं पागेत गेले. मला वाटलं ओळखतो की नाही. तर सरळ पदराला तोंड लावून गूळ शोधायला लागला. लबाड.

रामजी तांड्यावरचा, वय पन्नाशीच्या पुढं. त्याच्या आज्यापणज्यांनी हजार बैलांवर धान्य वाहिलं, हा एकटा घोड्याच्या नादी लागला. बोलतो कमी. आज बोलला. "बाईसाब, बाकीचे घोडे चाबकानं पळत्यात. ह्यो आयकून पळतो. मागून टापा आल्या का ह्याचे कान मागं जातात आन् मंग ह्यो कुणाचा न्हाई."

मी विचारलं, डाग कुणी पाहिला का. तो खरारा करत राहिला. मग म्हणाला, "बघत्यात. इचारत न्हाईत अजून."

शके १८६१, चैत्र वद्य २

इंदिरेची आई आखाडा बाळापूरहून आली, लेकीला बघायला. चांगली बाई, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "घोडं जिंकतंय आन् घरात पडझड. कुणाचा तरी पाय वंगाळ असल्याबिगर असं होत न्हाई." बघत माझ्याकडं होती.

मला राग आला, आणि रागाबरोबर दुसरं जे आलं त्याची लाज वाटते. वाटलं, सांगून टाकावं. पाय वंगाळ आहे खरा, पण माझा नाही. मागचा उजवा. एका वाक्यात मी सुटते.

आणि पा.ला गोळी.

ताक वाढून आत आले.

भाद्रपद शुद्ध ९

इंदिरेला दिवस गेलेत, तिसरा महिना. वैद्यानं गाडीत बसायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा बाळंतपण इथंच. तिची आई पौषात येऊन राहील. मन चिंती ते वैरी न चिंती. मी देवापुढं बसते आणि मनात घोड्याच्या शर्यती मोजते.

कार्तिक वद्य १

पा. गेला. मी माजघरात. ह्या वेळी कान झाकून घेतले.

मार्गशीर्ष शुद्ध ५

हरला! एका मानेनं हरला. बापूचं पत्र रागानं भरलेलं, जॉकीनं लगाम ओढला म्हणतो.

मार्गशीर्ष शुद्ध १२

सात दिवस झाले. घरात काही नाही. इंदिरा ठणठणीत, गाय व्याली, पडवीचं छप्परही गळायचं थांबलं. काही म्हणजे काही नाही.

म्हणजे तसंच आहे तर. जिंकला की उपटतो, हरला की घर शांत.

आजपासून रोज मागते, पुढची पण हरू दे. ज्याला बोटानं दूध चाटवून वाढवला त्याच्या हरण्यासाठी दिवा लावते. असली माया कुणी ऐकली नसेल.

पौष शुद्ध ४

जिंकला. चार घोड्यांच्या लांबीनं. माझ्या दिव्याला देव भीक घालत नाही.

पौष शुद्ध ५

सकाळपासून इंदिरेला अंथरुणावरून उठू दिलं नाही. "काय झालं अक्का?" म्हणते. काय सांगू. पायऱ्यांवर वाळू टाकली. विहिरीकडे कुणाला जाऊ दिलं नाही. शहाणी बाई वेड्यासारखी वागते असं गडी एकमेकांत बोलत असतील. बोलू दे.

पौष शुद्ध ७

मी घर सांभाळत होते आणि झालं ते शेतात. हळद शिजवायची कढई कलली, उकळतं पाणी गंगाच्या दोन्ही पायांवर. आमच्या शेतावर ती बारा वर्षं खुरपते. कोरफड लावली, वैद्य आणला. जगेल, पण पाय पहिल्यासारखे होणार नाहीत.

वहीत लिहिलंय, खुंटा मालकाचा उपटतो. गंगा कुठली मालक? तिचा काय संबंध? का भोवऱ्यालाही गरिबाचं घर आधी दिसतं?

कढईखालची चूल ह्या वर्षी घाईत रचली होती, एक बाजू खचलेली. हेही खरं. सगळंच खरं आहे, आणि मला कुठलं धरावं कळत नाही.

पौष शुद्ध १०

इंदिरेची आई आली. गंगाचं ऐकलं. आता आडून बोलत नाही. "ह्या बाईला पुसेगावला धाडा. बाळंतीण उठंस्तवर तरी." इंदिरा म्हणाली, "आई, गप." आई गप्प झाली नाही.

पौष वद्य २

बापूचं पत्र, चारच ओळी. हैद.ला एक म्हातारे उस्ताद आहेत, भोवरे वाचणारे, नवाबांच्या पागांतून हिंडलेले. त्यांनी पा.चा पाय उचलून डागावर अंगठा फिरवला आणि विचारलं, हा कुणी दिला. बापू म्हणाला, लचकला होता, बहिणीनं दिला. उस्ताद म्हणाले, "लचक ऐसी जगह नहीं आती, बेटा. यहाँ सिर्फ भँवरी आती है."

खाली बापूनं लिहिलंय, "घोडा घेऊन घरी येतो आहे."

पौष वद्य ८

आले. कप तीन आठवड्यांवर आणि घोड्याला रेल्वेतून ओढत आणलं. ट्रेनर साहेब नको नको म्हणत होता. पा.चं पोट आत गेलंय, डब्यात खाल्लं नाही. रामजी माझ्याकडे बघत नाही.

बापूनं मला पागेत बोलावलं. इंदिरेची आई उंबऱ्याशी. बापूच्या हातात आप्पांची लाल कापडातली वही.

"अक्का, ह्याच्यावर हात ठेव. तिथं काय होतं ते सांग. खुंटेगाड व्हता म्हणून आप्पा मरताना हासले, त्यांनी मला चिठ्ठीत तसं लिवलं. खुंटेगाड असंल तर घोड्याचा दोष न्हाई. मंग घरात जे होऊन राहिलं ते..." उंबऱ्यावरून त्याची सासू बोलली, "मंग ह्या बाईचं."

"आन् उपाड असंल तर?" मी विचारलं.

"तर मी हितंच गोळी घालतो. कप गेला खड्ड्यात."

भोवऱ्यांवर विश्वास नाही म्हणणारा कॉलेजात शिकलेला माझा भाऊ. मला त्याची दया आली. दोन हंगामांत त्यानं बैल, लेकरू आणि झोप गमावलीय.

म्हटलं, "उद्या सांगते. आधी मला वही वाचू दे."

वही दिली.

पौष वद्य ९

माझ्या एका शब्दावर दोघांपैकी एक जाणार. गाड म्हटलं तर मी, उपाड म्हटलं तर तो.

आप्पांचं अक्षर पुन्हा वाचलं, वीस वर्षांनी. मला वाटायचं सगळं पाठ आहे. पाठ होते ते भोवरे. सुरुवातीचं पान, जिथं ते कसे पाहायचे ते लिहिलंय, ते लहानपणी कंटाळून मी उलटत असे. त्यावर तिसरीच ओळ:

"ओल्या अंगावर भोवरा पाहू नये. घोडी चाटेल तिकडे केस वळतो. तीन दिवस थांबावे, अंग वाळून केस आपल्या जागी बसला म्हणजे पाहावे."

चार वेळा वाचली.

मी चाटता चाटता पाहिलं होतं. घोडी खालून वर चाटत होती. आप्पा आतून हाका मारत होते म्हणून घाई केली. आणि तिसऱ्या दिवशी, ज्या दिवशी पाहायला हवं होतं, त्या दिवशी पाहिलंच नाही. विळा तापवला. भीतीनं तिकडे नीट बघितलंही नाही, टेकवला आणि तोंड फिरवलं.

रामजीला पागेत गाठलं. "तू धरलं व्हतंस. तुला दिसला आसंल. तोंड कुणीकडं व्हतं?"

पा. त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा.

"न्हाई पाह्यलं बाईसाब. तुमी जाळून राहिल्या म्हंजे वंगाळच आसंल, मंग मी काहून बघू? डोळे मिटले. पाह्यलं आसतं तर आप्पासाबाला सांगावं लागलं आसतं."

म्हणजे दोघांनी मिळून जाळला आणि दोघांपैकी कुणी पाहिला नाही. चांगला असेल तर मी घराचा खुंटा माझ्या हातानं जाळला. वाईट असेल तर मी तो लपवला. आता जगात कुणालाच ते कळायचं नाही.

पौष वद्य १०

बापूला खरं सांगितलं. सगळं. आप्पांशी बोललेलं खोटं, विळा, ओला केस. वही उघडून ओळ दाखवली.

मला वाटलं तो मारेल. तो खाली बसला. "म्हंजे तुला म्हाईत न्हाई."

"न्हाई."

"मला तर एक पाह्यजे होतं, अक्का. हे किंवा ते. तू मला कायीच दिलं न्हाईस."

बरोबर बोलला. खोटं बोलले असते तर सोपं झालं असतं, त्यालाही आणि मलाही. पाच वर्षांमागं ते सोपं वाटलं होतंच.

त्याची सासू म्हणाली, दोघांनाही घालवा.

माघ शुद्ध १

बापूनं ठरवलं. पा. कप पळणार. जिंकला आणि इंदिरा सुखरूप सुटली, तर भोवऱ्याचं नाव ह्या घरात पुन्हा निघणार नाही. जिंकला आणि इथं काही झालं, तर तो मैदानावरच घोड्याला गोळी घालणार, घरी आणणार नाही. आणि मी पुसेगावला. मी विचारलं, "आन् हरला तर?" म्हणाला, "हरला तर काय, काहीच कळणार न्हाई. परत हेच." असं हसला की मला रडू आलं.

तारेचंही ठरवून ठेवलं. घरात इंग्रजी कुणाला येत नाही. जिंकला तर एकच शब्द, हरला तर दोन. मोजता येतं तेवढं मला.

माघ शुद्ध २

आज निघाले. मी आपली उठून माजघराकडे चालले तर बापू अंगणातून ओरडला, "अक्का, आत जाऊ नको. ये समोर. काय व्हायचं ते एकदाचं होऊ दे."

ती माया होती की परीक्षा, मला सांगता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांत पहिल्यांदा निघालेल्या घोड्याच्या समोर उभी राहिले. इंदिरेच्या आईनं पदर तोंडाला लावला. पा.च्या कपाळावर पांढरा टिळा आहे जन्माचा, त्याला कुणी पुसत नाही. गूळ दिला. खाल्ला. खाली वाकून त्या डागावरून बोट फिरवलं. तो पाय उचलत नाही कुणाला, मला उचलू दिला. गुळगुळीत कातडं. काही नाही तिथं.

कानात म्हटलं, "पळ." हरायला सांगणार होते. तोंडातून पळ आलं.

निघताना पा. उंबऱ्याशी ठेचकाळला. सगळ्यांनी पाहिलं.

माघ शुद्ध ९

इंदिरेचे पाय सुजलेत. आठवाच महिना. शर्यत चार दिवसांवर. तिची आई माझ्या हातचं पाणी घेत नाही. इंदिरा मुद्दाम माझ्याकडूनच मागते. मग मायलेकींची धुसफूस. मधे मी, तांब्या घेऊन उभी.

माघ शुद्ध १३

शर्यत आज. काही सुचत नाही. पागेत जाऊन रिकाम्या ठाणावर झाडलोट केली.

माघ शुद्ध १४, सकाळ

पहाट फुटली तेव्हापासून इंदिरेला कळा. महिना आधी. सुईण आली. मला पडवीत थांबायला सांगितलंय. थांबले आहे.

तीच तिथी, संध्याकाळ

क्रमानं लिहिते.

दुपारी वसमतचा तारवाला आला. पाकीट बंद. इंदिरेची आई आतून धावत आली. मला वाटलं हिसकावून घेईल, पण ती लांबच थांबली. म्हणाली, "हरला आसंल तर सांगा. जिंकला आसंल तर सांगू नका." मग एकदम दाराला टेकली आणि रडायला लागली. आज पहिल्यांदा मला ती माझ्यासारखीच दिसली. आम्ही दोघी एकाच गोष्टीला भ्यालो होतो.

मी पाकीट फोडलं नाही. कमरेला खोचलं.

तेवढ्यात आतून इंदिरेचा आवाज. "अक्का कुठं हायेत? मला अक्का पाह्यजेत." सुईण काहीतरी बोलली, त्यावर इंदिरा किंचाळली, "त्याबिगर मी न्हाई!" तिची आई दारातच होती. माझ्याकडे बघितलं. बाजूला झाली.

लेकरू पायाळू. मागच्या अंगानं आलं, पाय आधी. सुईण घाबरली, मी नाही; एकदा पाहिलं होतं. रामजीनं कसं धरलं होतं, कळेबरोबर कसं ओढलं होतं, ते सांगत गेले आणि ती करत गेली. इंदिरेच्या नखांचे वण माझ्या मनगटावर आहेत.

मुलगी. बराच वेळ आवाज नाही. मग मांजराच्या पिलाएवढा आला.

सुईणीनं ओलं लेकरू तसंच माझ्या हातात दिलं. इंदिरेची आई जवळ आली, दिवली घेऊन, खोलीत अंधारच असतो. म्हणाली, "अंगावर कुठं काही खूण हाय का बघा. पाठीवर बघा आधी."

मी लुगड्याच्या मऊ तुकड्यात लेकरू पुरतं गुंडाळलं, पाठ, पोट, पाय, सगळं.

म्हटलं, "ओल्या अंगावर काही बघायचं न्हाई. तीन दिस थांबा."

तिनं दिवली खाली ठेवली.

इंदिरा झोपलीय. लेकरू अजून दूध ओढत नाही, कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब घालते आहे. सुईण म्हणते, तीन दिवस काढले तर राहील. बापू परवा येईल. घोडा बरोबर असेल की नाही, ठाऊक नाही.

पाकीट कमरेला तसंच आहे. घामानं ओलं झालंय. वाळायला ठेवते.